तेबोची घंटा

असुमानीने आपल्या कुत्रीला, तेबोला, दोन गुडघ्यांत धरले आणि तिच्या गळ्यातल्या लाकडी घंटेत बोट घालून पानांचा बोळा उपसला. सकाळी तळावरून निघताना तो त्यानेच कोंबला होता. इतुरीच्या रानात सगळेच कोंबतात, नाहीतर जाळी लागायच्या आधीच सावजाला वर्दी जाते. बोळा हातात आला. त्याने घंटा हलवून पाहिली, आतले दांडके हलल्यासारखे वाटले. तेवढ्यात तेबो निसटली. ती कधी कुणाच्या हुकमाची वाट बघत नसे.

घंटा वाजली का, हे सांगायला आज सिकितू नव्हती. ती तापाने फणफणून तळावर पडली होती. एरवी त्याची ही बायको दोन पावलांवर उभी राहून नुसती मान हलवायची आणि तो समजायचा. दोन पावसाळ्यांपूर्वी असुमानीचे कान पार गेले होते. हे तिच्याखेरीज कुणाला कळू दिले नव्हते, कारण ज्याला घंटा ऐकू येत नाही त्याच्या खांद्यावरचे जाळे उतरते. मग तळावर पोरासोरांत बसायचे आणि दुसऱ्यांनी दिलेल्या वाट्यावर दिवस काढायचे.

तेबोला मात्र ते कळले असावे. गुडघ्याएवढी, तांबूस, शेपटीची वळी पाठीवर ठेवून हिंडणारी. ही जात भुंकत नाही, हाकेला ओ देत नाही, मांजरासारखी अंग चाटत बसते आणि मनात आले तरच शिकार करते. गावातले लोक तिला नावे ठेवतात. असुमानीला मात्र तशीच कुत्री सोयीची होती. सावज उठले की ती परत येऊन असुमानीच्या पोटरीला ओले नाक लावी आणि पुन्हा पळे. म्हातारा आणि कुत्री एका आईची, असे लोक म्हणत.

आज नाक लागले नाही. जाळ्यापाशी उभा असताना त्याला माणसे एकाच दिशेने पळताना दिसली, तसा तोही धावला. झुडपाखाली त्याचा जावई बारुती बसला होता. मांडीवर निपचित तेबो, शेजारी त्याचाच भाला. बारुती दुसऱ्या तळावरचा, लग्नानंतर सासरी येऊन राहिलेला. त्याने वर पाहिले आणि बरेच काही बोलला. त्यातला "मामा" एवढाच शब्द असुमानीला ओठांवर दिसला.

पण त्याला बारुतीची बोटेही दिसली. त्यांना हिरवा चीक लागला होता आणि मूठ घट्ट मिटलेली होती. तेबोच्या गळ्यातली घंटा स्वच्छ मोकळी होती. अर्धा बोळा आतच राहिला होता, हे असुमानीला तेव्हा कळले. झुडूप हलले, घंटा वाजली नाही, म्हणून पोराने हरीण समजून भाला टाकला होता. आणि सासऱ्याची चूक कुणाला दिसू नये म्हणून लोक यायच्या आत उरलेली पाने काढून मुठीत लपवली होती.

त्याला तेबोचे दुःख झालेच. पण त्याहून जास्त राग आला तो बारुतीचा. न विचारता केलेले उपकार फेडायचे कसे?

दिवस कलताना सगळे शेकोटीभोवती बसले. काबो तळावरचा नकल्या. त्याच्या तोंडाला कुणी लागत नसे.

"काय जावईबापू, सासरी येताना कान आईपाशी ठेवून आलात?"

"घंटा वाजत होती. माझंच लक्ष नव्हतं," बारुती म्हणाला.

"का तुमच्याकडची हरणं गळ्यात घंटा बांधून फिरतात?"

काबो चार पायांवर रांगू लागला, मान हलवत, जिभेने खडखड वाजवत, आणि मग भाला लागल्यासारखा उताणा पडला. बायकासुद्धा हसल्या. मग त्याने अंगावरची माती झटकली. आता तो हसत नव्हता.

"असा माणूस जाळ्यावर नको. आज कुत्री मेली, उद्या कुणाचं पोर मरेल. उजाडलं की आपल्या लोकांत जा बाबा."

कुणी हरकत घेतली नाही. असुमानीची मुलगी मापोली उठली आणि झोपडीतून आपले मडके बाहेर काढून चटई गुंडाळू लागली. ते समजायला असुमानीला कानांची गरज नव्हती.

सिकितू ओंडक्याला टेकून बसली होती. तिने नवऱ्याचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि त्याला ओठ वाचता यावेत इतके सावकाश म्हणाली, "गप्प राहिलास तर तुझं जाळं राहील. मी कुणाला सांगायची नाही."

"आणि पोरगी?"

तिने त्याच्या गालावरचा हात काढून घेतला.

असुमानी शेकोटीपाशी गेला. सगळ्यांकडे एकदा बघितले आणि पाठ फिरवून, रानाकडे तोंड करून उभा राहिला.

"काबो, मला शिव्या दे," तो म्हणाला. "येतात तेवढ्या दे. ऐकू आल्या की मी वळतो."

लोकांना ही नवी गंमत वाटली. काबो कशाला लाजतोय?

"म्हाताऱ्या, कुत्री तुझ्यापेक्षा शहाणी होती."

म्हातारा हलला नाही. काबोने आवाज चढवला, त्याची आई काढली, बाप काढला, सिकितूने त्याच्यात काय पाहिले ते विचारले. हशा पिकला. मग हळूहळू विरला.

"मामा, तुझ्या पायाशी साप आहे," काबो म्हणाला. या वेळी त्याचा आवाज बारीक झाला होता. मग तेच तो पुन्हा ओरडून म्हणाला.

म्हाताऱ्याने पाय उचलला नाही. बारुतीने गुडघ्यांत मान घातली. मापोली मडके धरून जागच्या जागी उभी राहिली. घंटेतला बोळा कुणाच्या हातून राहिला असेल, हे ओळखून काबो खाली बसला.

शिव्या थांबून कितीतरी वेळ झाला, तरी असुमानी रानाकडे तोंड करून उभाच होता. त्या अजून चालू असतील, असे त्याला वाटत होते.