अनुक्रमांक सातचं विशेषण

विषय : अनुक्रमांक सातसमोरील विशेषण बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : जावक-बाईंचा अर्ज आणि त्यावरची तीन स्मरणपत्रे.

वरील विषयाला अनुसरून मी, दोनशे पानी वही, बोलते आहे. सध्या मी त्याच अर्जाला सहपत्र म्हणून टाचलेली आहे. वेळ भरपूर आहे.

मला हेडक्लार्कांनी विकत आणलं. कचेरीत नवे साहेब आले होते. गोपनीय अहवालात सगळ्यांच्या स्वभावापुढे वर्षानुवर्षं 'चांगला' एवढंच लिहिलेलं पाहून ते म्हणाले, "माणसं आहेत की बटाटे? नेमके इंग्रजी शब्द वापरा."

पंचावन्नाव्या वर्षी हेडक्लार्क शब्दकोश घेऊन बसले. डब्याच्या सुट्टीत रोज पाच विशेषणं माझ्यात उतरवायची. मेटिक्युलस म्हणजे काटेकोर. गॅर्युलस म्हणजे वाचाळ. शब्द पाठ झाला की चष्म्यावरून कचेरीभर नजर फिरवायची आणि तो कुणाच्या अंगाला बसतो ते शिंप्यासारखं बघायचं. रिकॅल्सिट्रंट, म्हणजे हेकेखोर, हा शब्द त्यांनी दोन दिवस जिभेवर घोळवला आणि स्टोअरकीपरला दिला. तो तीन सह्यांशिवाय टाचणीही देत नसे.

माझ्या अकराव्या पानावर बारा जणांची यादी झाली. काम गोपनीय, म्हणून नावं नाहीत. नुसते ज्येष्ठतेचे अनुक्रमांक. दरवर्षी तीच यादी उतरवायची. माणसं काही वर्षभरात बदलत नाहीत, असं हेडक्लार्कांचं मत.

माणसं बदलली नाहीतच. चौथ्या क्रमांकाचे टंकलेखक निवृत्त झाले आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. विशेषणं जागच्या जागी राहिली. स्टोअरकीपर सातचा सहा झाला, म्हणजे मनमिळाऊ झाला. आठवरच्या जावक-बाई सातवर आल्या.

त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसून पाकिटांवर तिकिटं लावत. एकोणीस वर्षांत त्यांनी पंखासुद्धा विचारल्याशिवाय लावला नव्हता. त्यांनी आईच्या गावी बदली मागितली होती. आई एकटी, गॅस पेटवून विसरायची. शेजारच्या काकू दिवसातून दोनदा डोकावून बंद करायच्या. बदली नामंजूर झाली. कारण : स्वभाव हेकेखोर. ते पत्र बाईंनीच रजिस्टरात चढवलं.

"भाऊसाहेब, मी कधी कुणाशी हट्ट केला?"

हेडक्लार्कांनी मला उघडलं. बोट सातवर थांबलं. "चूक माझी आहे, बाई. ओळ सरकली."

"मग दुरुस्त करा ना."

"एक केली तर आठ कराव्या लागतील. बाकीच्यांना बरे शब्द आलेत हो. स्टोअरकीपर तर हसायला लागलाय."

"आणि आईचं काय?"

"अर्ज करा. इंग्रजीत करा. साहेबांना नेमके शब्द लागतात." एवढं बोलून त्यांनी मला बाईंच्या हातात दिलं.

बाईंनी मला घरी नेलं. भाजी शिजेपर्यंत पाच शब्द. माझ्यात सौम्य स्वभावाची नऊ विशेषणं होती. बाईंनी नऊही अर्जात घातली. उत्तर आलं नाही, म्हणून स्मरणपत्र. मग दुसरं. तिसऱ्यावर साहेबांनी समासात लिहिलं : 'अर्जदार पुन्हा पुन्हा तेच मागत आहेत. मूळ शेरा योग्य दिसतो. तरी पुरावा असल्यास जोडावा.'

पुरावा म्हणून मला जोडलं.

पुढे हेडक्लार्क निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "चांगला माणूस."

काकूंनी शेगडीच उचलून आपल्याकडे नेली. डब्याच्या सुट्टीत बाई आईला फोन लावतात. पलीकडून काय विचारतात ते मला ऐकू येत नाही. बाई आपलं नाव सांगतात, पुन्हा सांगतात, फोन ठेवतात आणि तिकिटं लावू लागतात.

फाइल कुणी उघडलीच, तर कृपया अकरावं पान पाहावं आणि एकदा मान वर करून खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहावं. इतर चौकशीची गरज पडणार नाही.

अर्ज प्रलंबित आहे.