फाइव्ह हॉर्सपॉवरची दुसरी रेकॉर्ड

आमच्या बँडचं नाव फाइव्ह हॉर्सपॉवर. वाजवणारे चौघेच. पाचवा घोडा म्हणजे लुईसच्या केळीच्या वाडीतलं पाण्याचं इंजिन. त्याच्याच खोलीत आमची प्रॅक्टिस चाले. आम्ही फंक वाजवायचो, ठेक्यावर नाचायला लावणारं अमेरिकन संगीत. गावातली म्हातारी माणसं म्हणत, त्यापेक्षा इंजिन बरं, निदान पाणी तरी देतं.

मी ट्रम्पेटवाला. शिकलो चर्चच्या बँडात, आणि त्या बँडाला लग्नांपेक्षा मयतं जास्त. मयतापुढे घाई चालत नाही. मास्तर सांगायचे, आधी घंटा विरू दे, मग फुंक. ते हाडात मुरलं. फंकमध्ये मात्र पहिल्या ठोक्यावर सगळ्यांनी एकदम यायचं असतं, आणि मी हमखास मागे. म्हणून बेस गिटार वाजवता वाजवता लुईस ओरडायचा, "आग्नेल, ये रे मेल्या!" की मी आलोच. पहिली रेकॉर्ड आम्ही एका खोलीत, एकत्र वाजवली. नीट कान दिला तर तिच्यात ती हाक ऐकू येते.

दुसरीची तारीख ठरली आणि लुईसचा बहरीनच्या नोकरीचा व्हिसा आला. त्र्याऐंशी साल होतं. मागोमाग बँडातले मायकल आणि फ्रेडरिकही आखातात निघाले. जाण्याआधी तिघांनी मुंबईच्या स्टुडिओत आपापला भाग वाजवून ठेवला. मी शाळेत क्लार्क. परीक्षा संपेपर्यंत रजा मिळेना. निघताना लुईस म्हणाला, "दोन वर्षांचं तर कॉन्ट्रॅक्ट आहे. आलो की तिसरी इंजिनाच्या खोलीत बसवू." तेवढ्या एका वाक्यावर मी दिवस ढकलत होतो.

स्टुडिओत काचेमागे मी एकटा. हेडफोनमध्ये मायकलचा ड्रम, फ्रेडरिकची गिटार, लुईसचा बेस. सगळं हजर, माणसं तेवढी नाहीत. आपण उशिरा येणार आणि तिघांची मेहनत मातीत घालणार, या भीतीनं माझे ओठ सुकले. माझी जागा जवळ आली. आणि कानात लुईस ओरडला, "आग्नेल, ये रे मेल्या!"

आपला भाग वाजवताना सवयीनंच ओरडला असणार. मी आलो, अगदी ठोक्यावर. आठही गाण्यांत त्यानं बोलावलं, आठही गाण्यांत मी आलो. मग तिथंच रडलो. लाज कसली त्यात?

रेकॉर्डिंगवाले म्हणाले, "एक माईक उघडा राहिला होता वाटतं. कोण ओरडतंय ते पुसून टाकतो."

"राहू द्या ना, साहेब."

"अहो, बाजारात जायचीय ही."

त्यांचं चुकत नव्हतं. हाक पुसली.

रेकॉर्ड आली तशी मी एक लुईसला धाडली. घरी संध्याकाळी लावायचो. ट्रम्पेट चोख येतो. पण त्या जागेआधी मीच मान वर करून वाट बघतो, आणि खोलीत कुणी काही बोलत नाही.

दुसरं वर्ष संपता संपता लुईसचं पत्र आलं. "रेकॉर्ड ऐकली रे. इथल्या पोरांना सांगितलं, आमचा आग्नेल शहाणा झाला, आता न बोलावता वेळेवर येतो. माझ्यावाचून अडत नाही तुझं, बघून बरं वाटलं. मनात धाकधूक होती, ती गेली. कॉन्ट्रॅक्ट पाच वर्षांनी वाढवलंय. काल सही केली."

मी लगेच कागद घेतला. लिहिलं, "अरे, तूच बोलावलं होतंस." मग पत्रावरची तारीख पाहिली. तीन आठवडे होऊन गेले होते. लुईस, मी परत मागेच राहिलो रे.