साडेदहाची खबर

नाथाजींनी रेडिओचा हेडफोन एका कानावरून सरकवला आणि हात वर केला. भाकरी थापता थापता बनुबाई थांबली.

"पायलट बोलला," ते म्हणाले. "किनारा कवाच मागं पडला. पस्तीस हजार फुटावर हाय. समदं ठीक."

"क्रांतीचंच इमान नव्हं?"

"तिचंच. नंबर सांगितला की त्यानं."

बनुबाईनं भाकरी तव्यावर टाकली. घड्याळात साडेनऊ झाले होते. नाथाजींनी लेकीच्या जुन्या नकाशावर अरबी समुद्रात पेन्सिलीनं एक टिंब काढलं.

फौजेच्या सिग्नल दलातून सुभेदार होऊन कोरेगावला परतलेल्या या माणसाचा जीव जुन्या बाजारातून आणलेल्या त्या रेडिओत अडकलेला असे, आणि गल्ली त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करी. भर समुद्रावर रडार पोचत नाही. तिथं वैमानिकानं तासातासाला रेडिओवर आपला ठावठिकाणा मुंबईला कळवायचा असतो, आणि तो ऐकणं हा नाथाजींचा छंद. क्रांतीला मॉरिशसच्या शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागली तेव्हा बनुबाई अडून बसली होती. खाली समुद्र, वर आभाळ, मधे आपली पोर. ती कुठं आहे ते कळायचं कसं?

"मी सांगतो की तासातासाला," नाथाजी छातीठोकपणे म्हणाले होते. त्या एका शब्दावर बनुबाईनं होकार दिला होता.

साडेदहा वाजले. दुसरी विमानं बोलत होती, हे बोलेना. पावणेअकरा झाले. नाथाजींनी काटा इकडं फिरवला, तिकडं फिरवला. नुसती खरखर. तंबाखू संपल्याचं निमित्त करून ते उठले आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये शिरले. पलटणीतला जुना दोस्त गुंडा आता मुंबईच्या विमानतळावर रेडिओवरच होता.

"नवं इमान हाय गड्या ते," गुंडा हसला. "त्यात पायलटला बोलावं लागत न्हाई. इमान आपणहून उपग्रहाला सांगतं, उपग्रह खाली कळवतो. पडद्यावर टिंब सरकताना दिसतं म्हणं."

"मग साडेनवाला कसा बोलला?"

"तवा आमच्या हद्दीत हुतं. म्होरल्या हद्दीवाल्यांकडं पडदा हाय, आमच्याकडं अजून यायचाय."

"म्हंजे तुला दिसत न्हाई."

"मला कुठलं दिसतंय!"

"पर नक्की तसंच आसंल न्हवं?"

"तसंच आसंल की रं," तो म्हणाला.

नाथाजी घराकडं निघाले. विमान आता पूर्वीपेक्षा नेमकं सापडत होतं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी. एवढं बायकोला सांगायला दोन वाक्यं पुरली असती. बनुबाई दारातच उभी होती.

"कुटवर गेली?"

"मालदीवच्या अंगानं गेली," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मग तासातासाला ते हेडफोन चढवत, खरखर ऐकत आणि हात वर करत. साडेअकराला विषुववृत्त ओलांडलं. साडेबाराला आणखी एक टिंब. टिंबं अगदी सारख्या अंतरावर पडत गेली. फौजेत वीस वर्षांत त्यांनी एकही खोटा संदेश पुढं धाडला नव्हता. आज मनातून ते मेल्याहून मेले झाले होते, आणि त्याहून जास्त घाबरले होते.

अडीच वाजता त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

"उतरली."

बनुबाईनं देवाला हात जोडले, पदरानं डोळे पुसले आणि पदर खोचून केरसुणी हातात घेतली. काल पोर उंबरा ओलांडून गेल्यापासून तिनं घर झाडलं नव्हतं. गेलेलं माणूस सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही, ही तिच्या माहेरची रीत. ती वाकली तसे नाथाजी उठले आणि त्यांनी केरसुणी धरली.

"ऱ्हाऊ दे."

"आवं, आता का?"

"ऱ्हाऊ दे म्हणतोय न्हवं. सांजच्याला बूथवर तिचा फोन येऊ दे, मग काढ."

बनुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांची नजर काही वर येईना.

"कवापासनं?" तिनं हळूच विचारलं.

"साडेदहापासनं."

तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या अंबूबाईची हाक आली.

"बनुबाई, पोचली का गं पोरगी?"

बनुबाईनं नवऱ्याच्या हातातून केरसुणी सोडवून घेतली आणि होती तशी दाराआड ठेवून दिली.

"व्हय, पोचली की!" ती मोठ्यानं म्हणाली. "आमच्या ह्यांनी सोता ऐकलं."