ऐकू जाईल असं

सरांनी आधी दार लोटलं, मगच खुर्ची पुढे ओढली.

“तुमचा आराखडा वाचला, मॅडम. बाकी सगळं झकास. ही एक ओळ तेवढी बदला.”

त्यांचं बोट ‘डेटा कोणाला मिळणार’ या रकान्यावर होतं. यंत्रमागावरच्या कामगारांची श्रवणचाचणी हा तिचा प्रकल्प. तिने लिहिलं होतं : ‘प्रत्येक कामगाराला त्याचा स्वतःचा निकाल. नावं वगळून बाकी सगळा डेटा सर्वांसाठी खुला.’

“‘कारखान्याच्या परवानगीने’ एवढंच घाला.” सर जवळजवळ कुजबुजत होते. “त्यांनीच आत घेतलं आपल्याला. उगाच कशाला वाकड्यात शिरायचं?”

“ते परवानगी देतील, सर?”

“ते पुढचं पुढे.”

तिने मान खाली घातली. विभागात तिला ‘सायलेंट मोड’ म्हणायचे, तेही तिच्यासमोर. सरांनी होकार गृहीत धरून स्वतःचं पेन तिच्यापुढे सरकवलंसुद्धा.

घरी मात्र तिला दुसरा आवाज होता. सासऱ्यांचा जन्म मागापाशी गेला. कान गेल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नाही. ‘सूनबाई तोंडातल्या तोंडात पुटपुटते’ म्हणून ते कितीतरी दिवस तिच्यावर रुसून होते. उमगलं तेव्हापासून ती त्यांच्याशी बेंबीच्या देठापासून बोलायची.

पहिल्या फेरीत चाचणी करताना प्रत्येकाने विचारलं होतं, “मला कळेल ना, ताई?” प्रत्येकाला ती हो म्हणाली होती.

तिने पेन परत सरकवलं. उठून दार सताड उघडलं. आणि घरच्या त्या आवाजात ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

बाहेरची कीबोर्डांची टकटक थांबली. चहा पिणाऱ्याचा कप ओठांपाशीच राहिला.

“अहो, हळू! ऐकू येतं मला.”

“तुम्हाला येतं, सर. त्यांना येत नाही.”

“प्रकल्प हातचा जाईल, कळतंय का?”

“मग ‘कामगारांना सांगायचं नाही’ असं स्पष्ट लिहा.” आवाज तसूभरही उतरला नाही. “तेही वाचून दाखवते.”

दाराबाहेर आता चार-पाच तोंडं जमली होती. सरांनी तिकडे पाहिलं, मग त्या ओळीखालच्या स्वतःच्या सहीच्या रिकाम्या जागेकडे. पेन उचललं.

टोपण निघाल्याचा टिक्‌ आवाज पार शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला.