बोरुव्का की यागोदा

"येताना बोरुव्का आणशील का गं?" तिमोनच्या आईने, स्टेफानियाकाकूंनी, फोनवर विचारलं होतं. "माझा गुडघा धरलाय, रानात जाववत नाही. आलीस की पिएरोगी करू, बोरुव्काचं सारण भरून."

होणाऱ्या सासूने सांगितलेलं पहिलंच काम. मार्सेलिनाने वॉर्सोच्या मंडईतली सगळ्यात टपोरी निळी फळं निवडली, एकही चेपू नये म्हणून डबे मांडीवर घेऊन ती रेल्वेने क्राकूवला आली आणि तिथून तिमोनच्या गाडीतून डोंगरातल्या त्याच्या गावी.

काकूंनी डबा उघडला. एक फळ अर्धं चावलं आणि उरलेलं उजेडात धरलं.

"आतून पांढरं आहे."

"पण गोड आहे ना, काकू?"

"गोड आहे गं. पण ही बोरुव्का नव्हे. ही बागेत बसून फुगलेली. बोरुव्का रानातली असते, बारकी, आतबाहेर काळीनिळी. खाल्ली की जीभ लपवायची सोय नाही."

"ती होय? ती तर यागोदा."

तिमोनने डोळे मिटून घेतले.

"यागोदा म्हणजे कुठलंही बारकं फळ," काकू म्हणाल्या. "उद्या कुत्र्याला नुसतं जनावर म्हणशील."

"आमच्याकडे सगळे तेच म्हणतात. आख्खं वॉर्सो."

"आख्खं वॉर्सो चुकतं, त्याला मी काय करू?"

मार्सेलिनाला खरं तर रडू यायला हवं होतं. पण काकूंच्या हातातलं ते उष्टं अर्धुकं फळ पाहून तिला हसू फुटलं, आणि ते काही केल्या आवरेना. काकूंनी जरा वेळ रागाने पाहिलं, मग त्यांचेही ओठ थरथरायला लागले.

"चल," त्यांनी बादली उचलली. "दाखवतेच तुला."

"अगं, गुडघा," तिमोनचे वडील झेनोनकाका म्हणाले.

"तुमचा आहे का? मग गप्प बसा."

घरामागची चढण संपली की सूचिपर्णी झाडांखाली नडगीएवढी झुडपं पसरली होती. मार्सेलिना गुडघ्यांवर बसली, काकू उभ्यानेच वाकल्या. मार्सेलिनाने पहिलं फळ तोंडात टाकलं आणि वेचायचं विसरून दुसरं टाकलं, तिसरंही. बागेतल्या फळात हा आंबटपणा नव्हता.

"तिमोन आठवीत होता," काकू वेचता वेचता सांगायला लागल्या. "एका मुलीसाठी बादलीभर वेचली. तिच्या फाटकापर्यंत गेला आणि लाजून परत फिरला. वाटेत बसून सगळी स्वतःच खाल्ली. घरी आला तो निळा. मला वाटलं हृदयाचं काही झालं, डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरने त्याचा शर्ट हुंगला."

मार्सेलिना हसता हसता मागे कलंडली ती थेट झुडपात. तिची पांढरी पँट पाठीमागून जांभळी झाली. तिला उठवायला काकूंनी हात दिला, पण धरलेल्या गुडघ्याने ऐन वेळी दगा दिला आणि त्याही तिच्या शेजारी आडव्या झाल्या.

"आई, लागलं का?" मार्सेलिना पटकन बोलून गेली.

काकूंनी पडल्या पडल्या तिच्याकडे मान वळवली. वर झाडं डोलत होती.

"काय म्हणालीस?"

"मी 'काकू' म्हणाले."

"खोटं बोलू नकोस. दात निळे आहेत तुझे."

"तुमचे काय मोत्यासारखे आहेत?"

मग दोघी इतक्या हसल्या की काकूंना पोट धरून कुशीवर वळावं लागलं. बादली अर्धीही भरली नव्हती, पण आता वेचायला हातात बळच उरलं नव्हतं.

पिएरोगीच्या पाऱ्या लाटतानाही तेच. एकीने कडा दाबायच्या, दुसरीने तिमोनच्या निळ्या शर्टाची आठवण काढायची. कडा नीट चिकटल्याच नाहीत. उकळत्या पाण्यात एकामागोमाग एक पिएरोगी फुटले आणि पातेल्यात गडद जांभळं सार तयार झालं. त्यात कणकेची लक्तरं तरंगत होती.

काकूंनी त्यात साखर आणि साय घातली, खोलगट ताटल्यांत ओतलं आणि टेबलावर चमचे मांडले. तिमोन आईकडून मार्सेलिनाकडे आणि तिच्याकडून ताटलीकडे पाहत राहिला.

झेनोनकाकांनी ताटली चाटूनपुसून पुढे केली.

"आणखी घाल," ते म्हणाले. "पुढच्या वेळीही असंच करा."