जिन्याची भिंत

चंथूनं थापीच्या दांड्यानं ठोकून वरच्या थरातल्या तीन विटा काढल्या आणि खाली भिरकावल्या.

"अगं ए! कशाला काढतेस?" वुथीकाका खालून ओरडला.

"वाकल्यात, काका."

"मला तर सरळ दिसतात."

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. हल्ली त्याला सगळंच सरळ दिसायचं. डोळ्यांवर सारा येऊन नजर धूसर झाली होती, आणि ते फक्त चंथूला ठाऊक होतं. नॉम पेन्हच्या या साइटवर थापी बाप्यांची, बादली बायांची. दुपारी बाप्ये झोळ्यांत घोरायला लागले की ही पोरगी गुपचूप काकाच्या भिंती ओळंब्यात आणायची. शाबासकी काकाला.

गेल्या आठवड्यात मुकादम रिथीनं तिला पकडलं.

"भिंत घालणं म्हणजे वेणी घालणं नव्हे गं."

"तुमच्या बायकोची वेणी पाहिली मी, मुकादम. तुमच्या भिंतीपेक्षा सरळ असते."

झोळ्यांतले बाप्ये जागे होऊन फिदीफिदी हसले. रिथी चिडला. "जिन्याची भिंत एकटी घाल. मालकानं पसंत केली तर गवंड्यांत घेतो. नाही केली तर बादलीसुद्धा विसर."

ती भिंत आज संपत आली होती. काका नुसता बसून बघत होता. नीट दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. सिमेंटचा माल पसरल्याचा सपसप आवाज, मग वीट, मग एकच ठोका. दुसऱ्यांदा ठोकावं लागत नव्हतं. असा हात त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, त्याच्या उस्तादाचा.

इतक्यात रिथी धावत आला.

"मालक आले! चंथू, उतर. बादली धर. काका, तू थापी घे."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता! पण बाई भिंतीवर दिसली तर काम जाईल माझं. उतर!"

चंथू उतरली. थापी काकाच्या हातात कोंबली. बादली दाणकन उचलली.

मालकांनी भिंतीवरून तळवा फिरवला. खाली वाकून एका डोळ्यानं कड पाहिली.

"कुणाचं काम?"

"आमच्या वुथीकाकांचं," रिथी म्हणाला. "जुना हात आहे, साहेब."

"वा! काका, माझं स्वतःचं घर बांधायचंय. तुम्हीच या. वर्षभराचं काम आहे."

वर्षभराचं. काकानं थापीकडे पाहिलं. या डोळ्यांना आता कोण काम देणार होतं? त्यानं चंथूकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

काका गुडघे धरत उठला. तिच्या हातातली बादली ओढून घेतली आणि थापी तिच्या मुठीत दिली.

"मिस्त्री," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माल घट्ट देऊ की पातळ?"

रिथीचा वासलेला आ तसाच राहिला. मालक एकदा काकाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले.

चंथू परांचीवर चढली. दोरी ताणून बांधली. मागं वळूनही पाहिलं नाही.

"घट्ट," ती म्हणाली. "आणि जरा हात चालवा, काका. तीन विटा राहिल्यात."