नजर चुकवली म्हणून

रंगाऱ्याने दारूच्या नशेत एकाचा जबडा फोडला होता. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने त्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सोडलं. अट अशी की बहिणीच्या घरी राहायचं आणि प्रोबेशनच्या मॅडमना सांगितल्याशिवाय शहर सोडायचं नाही. त्याने दारू सोडली. ताईच्या घरी मागची खोली त्याला मिळाली होती. तिथे तो मान खाली घालून राहत होता.

मग गावाकडे आईला अर्धांगवायूचा झटका आला. वाचाही गेली.

"तूच जा," ताई म्हणाली. "मला घर सोडून हलता येत नाही."

"मॅडमना सांगून येतो आधी."

"मी सांगते की! आई तिकडे पडलीय आणि तू मॅडमच्या दारात ताटकळणार? बस धर."

तो गेला. आईचं हगणं-मुतणं काढलं, चमच्याने पेज भरवली, शेजारच्यांच्या भिंती रंगवून औषधं आणली. फोनवर दर वेळी विचारायचा, "सांगितलंस ना?"

"सांगितलं रे बाबा. किती वेळा विचारशील? आईकडे लक्ष दे."

पोलीस आले तेव्हा तो आईला कुशीवर वळवत होता. तिने चांगल्या हाताने त्याची बाही धरली. हवालदाराने एकेक बोट सोडवलं.

कोर्टात त्याच्या वकिलाने जीव तोडून सांगितलं, "घरी नसणं म्हणजे फरार होणं नव्हे, साहेब. फरार म्हणायला नजर चुकवण्याचा हेतू लागतो. हा तर आईच्या उशाशी बसला होता!"

"कायदा बरोबर आहे," न्यायाधीश म्हणाले. "हेतूच बघायचाय." त्यांनी ताईकडे पाहिलं. "तुम्हाला काय सांगून गेला?"

ताईने पदर सारखा केला. "म्हणाला, मॅडमना कळू देऊ नकोस. फोन करायचा, पण कुठून ते सांगायचा नाही. मी पाया पडले त्याच्या, परत ये म्हणून."

रंगारी उठून ओरडला, "ताई, आईची शपथ घे!"

तिने घेतली. अगदी सावकाश, शब्द न चुकता.

टाळलेली शिक्षा त्याला आता पूर्ण भोगायची होती.

ताई भेटीला आली ती साबणाची वडी घेऊन. जाळीपलीकडून तो एवढंच म्हणाला, "का?"

"थोरल्याचं लग्न ठरलंय. खोली हवी होती." ती जराही चाचरली नाही. "जा म्हटलं असतं तर तू गयावया केली असतीस, यांनी शिव्या घातल्या असत्या, चार लोक जमले असते. हे बिनबोभाट झालं."

"आईजवळ कोण आहे?"

"आई गेली. मागच्या आठवड्यात."

त्याने जाळी घट्ट धरली. "माझी वाट बघत होती?"

"तुला नेल्यावर मलाच जावं लागलं तिच्याजवळ. सारखी दाराकडे बघायची. शेवटी मीच सांगितलं, तुझं लाडकं पोर कंटाळून पळून गेलं म्हणून. मग तोंड भिंतीकडे फिरवलं तिने. पेजही घेईना."

"तिला कळत होतं का तू काय बोलतेस ते?"

"सगळं कळत होतं," ताई म्हणाली आणि पिशवीची घडी घालू लागली. "डोळ्यांतनं पाणी आलं ना."